दिवा वाढवा

दिवट्याचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र कपाटात होतं. बाकी सगळीकडे तो दिवटाच. हे नाव वडिलांनी दिलेलं. शाळेचा निकाल लागला की ते आईला म्हणायचे, "आले बघ आपले दिवटे चिरंजीव. हे पुढे काय दिवे लावणार आहेत!" मुलगा आज्ञाधारक होता. त्याने पुढे दिवेच लावले. शहराच्या वीजखात्यात, रस्त्यांच्या खांबांवर, कायम नोकरीत. वडिलांना हा विनोद समजावून सांगायचा राहून गेला, कारण तोवर ते गेले. पाठोपाठ आईही गेली.

आता तो एका खोलीत एकटा राहायचा. एक कॉट, एक खुर्ची, आणि खुर्चीवर कपडे. पाहुणा आलाच असता तर आधी कपड्यांना उठवावं लागलं असतं. तशी वेळ कधी आली नाही. कपडे निवांत होते.

दिवसा मात्र त्याला माणसं भेटायची, आणि ती जुन्या दिव्यांच्या कृपेने भेटायची. खांबांवरचे ते पिवळे सोडियमचे दिवे मोठे गुणी होते. आज चोक जळायचा, उद्या नुसतेच लुकलुकायचे, परवा काही कारण नसताना रुसून बसायचे. मग फोन यायचा, "अहो दिवटे, आमच्या कोपऱ्यावरचा गेला हो!" तो शिडीची गाडी घेऊन पोचला की खाली माणसं जमायची आणि वर बघत, ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही त्याचे सल्ले द्यायची. कुणी चहा द्यायचं. एका शिंप्याने तर तो वर असतानाच खालून अंदाजाने त्याच्या पॅंटचं माप घेतलं होतं. पॅंट आखूड झाली, पण माणूस गोड होता.

मग खात्याने ठरवलं, जुने दिवे काढून एलईडी बसवायचे. वीज निम्म्याहून कमी, उजेड जास्त, बिघाड जवळजवळ नाहीच. बैठकीत साहेब म्हणाले, "एकदा बसवला की विसरून जायचं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवट्यानेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं, की विसरायचं म्हणजे त्यालाच.

नोकरी जाणार नव्हती. पगार चालू राहणार होता. फक्त फोन बंद होणार होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा स्वतःलाच काळ होता, आणि काम चोख करत होता. एकेक गल्ली पांढरी होत गेली आणि एकेक गल्ली गप्प होत गेली. शिंप्याच्या कोपऱ्यावरचा दिवा बसवताना दिवटा जरा रेंगाळला. शिंपी म्हणाला, "झकास झालं! आता तुमची कटकट नाही." शिंप्याला म्हणायचं होतं, तुम्हाला कटकट नाही. पण बोलून गेला ते बोलून गेला.

मोबाइल इतका शांत झाला, की एके दुपारी दिवट्याने ऑफिसच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावून पाहिला. लागला. त्याने उचललाही. बोलण्यासारखं काही निघालं नाही, म्हणून दोघांनी ठेवून दिला.

आणि मग एक तक्रार आली. तक्रारी घेणाऱ्या ताईने खिडकीतून हाक मारली, "दिवट्या, पाण्याच्या टाकीजवळच्या गल्लीतलं शेवटचं घर. एक काकू आहेत. म्हणतात, समोरचा दिवा वाढवा."

"वाढवा?"

"वाढवा. तीनदा म्हणाल्या. बोलतात कशा, एखाद्या बातम्या सांगणाऱ्या बाईसारख्या. स्वच्छ."

दिवटा गेला. तीसचा काढला, साठ वॉटचा लावला. खिडकीचा पडदा हलला, म्हणून त्याने वरूनच हात हलवला. पडद्याने हात हलवला नाही. तरी परत येताना तो शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार. दिवा वाढवा. याने एकशेवीसचा लावला. या वेळी खिडकी उघडली आणि गाडीच्या घरघरीत खालून आवाज आला, "अहो, वाढवा म्हटलं होतं ना?"

"वाढवलाय की, काकू!"

"कुठे वाढवलाय? दिसतोय मला ढळढळीत!"

"अजून वाढवू?"

"अर्धवट कामं कशाला करता? एकदाच काय तो पूर्ण वाढवून टाका!"

इतक्या आपुलकीने त्याला कित्येक आठवड्यांत कुणी खडसावलं नव्हतं. तो थेट मुकादमाकडे गेला आणि खेळाच्या मैदानावरचा फोकस मागितला.

"त्या बाईंना अंगणात विमान उतरवायचंय का?" मुकादमाने विचारलं.

"मागणी आहे, मुकादम."

"घेऊन जा. पण विमान आलंच तर माझं नाव सांगू नको."

फोकस लागला. पहिल्या संध्याकाळी झाडावरचे कावळे घरी येऊन पुन्हा कामाला निघून गेले. गल्लीतला कुत्रा स्वतःच्या सावलीवर भुंकून दमला आणि शेवटी तिच्याच शेजारी झोपला. पलीकडचे एक गृहस्थ कचरा टाकायला काळा चष्मा घालून आले. दिवटा गाडीपाशी उभा राहून आपली करणी कौतुकाने बघत होता, तेवढ्यात शेवटच्या घराचं दार उघडलं आणि डोक्यावर छत्री धरून काकू बाहेर आल्या. आभाळ कोरडं होतं.

"हे काय केलंयस?" रागाच्या भरात त्यांचा अहो-जाहो गळून पडला होता.

"पूर्ण वाढवला, काकू."

"वाढवला? बांगडी वाढवतात म्हणजे काय करतात?"

"फोडतात."

"फोडतात म्हणू नये. दिवा वाढवतात म्हणजे काय करतात?"

दिवट्याने फोकसकडे बघितलं. मग काकूंकडे. मग, मदत मिळते का बघायला, कुत्र्याकडे. लहानपणी आजी समईवर फूल टेकवून म्हणायची तो शब्द त्याला आठवला, आणि पायाखालची जमीन फारच उजळ दिसायला लागली.

"म्हणजे तुम्हाला विझवायचा होता?"

"तो शब्द या घरात वापरत नाहीत," काकू म्हणाल्या. "आत ये. बाहेर डोळ्यांना त्रास होतो."

काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्य लोकांचे फोन जोडून देण्यात गेलं. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही ही त्यांच्या सासूची शिस्त, आणि सासू जाऊनही ती टिकली होती. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा वाढतो. आणि घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

"आमचे हे दवाखान्यात जाताना 'येतो'च म्हणाले होते," काकू म्हणाल्या. त्यांनी चहा ठेवला. "शब्द शुभ असला म्हणून माणसं पाळतातच असं नाही."

"पण दिवा कशाला घालवायचा होता?" दिवट्याने विचारलं. त्यातल्या त्यात हा शब्द बरा वाटला.

काकूंनी आतल्या खोलीचं दार लोटलं. खिडकीला लागून मोठा पलंग होता. खिडकीकडच्या बाजूची उशी जशी ठेवावी तशी ठेवलेली, चादर ताणलेली. खिडकीला एक पडदा, त्यावर दुसरा पडदा, त्यावर गोधडी, आणि या तिघांनाही न जुमानता पांढरा उजेड पलंगावर येऊन बसला होता.

"जुना पिवळा होता ना, त्याच्यात ती बाजू जरा चुरगळल्यासारखी दिसायची," काकू म्हणाल्या. "मला ठाऊक होतं कुणी नाही ते. मी काही खुळी नाही. पण तो दिवा तसं तोंडावर बोलून दाखवत नव्हता. तुझा हा नवा फार स्पष्ट बोलतो."

दिवटा पलंगाकडे बघत राहिला. त्याला आपली खुर्ची आठवली. खोलीसमोरचा खांबही त्यानेच पांढरा केला होता. हल्ली खुर्चीवरचे कपडे कपडेच दिसायचे.

"जुना कुठे मिळेल?"

"सगळे भंगारात गेले, काकू. आणि रस्त्याचा दिवा बंदही करता येत नाही. पण एक होईल. खिडकीच्या बाजूने पत्रा लावतो. उजेड रस्त्याला, काळोख तुम्हाला."

"दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मुद्दाम बसवून मिळतो?"

"खात्यात सगळं मिळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोकस उतरवला, पहिला तीसचा पुन्हा चढवला आणि त्याला पत्र्याचा आडोसा लावला. दोन स्क्रू घट्ट पिळले. तिसऱ्याचा नट अर्ध्यात आला आणि त्याचा हात थांबला. हा पिळला की काम संपलं. एकदा बसवला की विसरून जायचं. आणि नाही पिळला, तर कधीतरी वाऱ्याने पत्रा कलेल, उजेड आत जाईल, आणि त्याचा फोन वाजेल.

त्याने नट तसाच सोडला. खाली उतरला, चहा घेतला, "येतो" म्हणाला आणि गाडी डेपोत नेऊन लावली.

खोलीवर येऊन तो कॉटवर बसला. मोबाइल समोर ठेवला. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: पत्रा कलल्यावर फोन सकाळी येणार. त्याआधी एक अख्खी रात्र काकू त्या ताणलेल्या चादरीशेजारी पडून राहणार. वडिलांचा आवाज अगदी कानापाशी आला: काय दिवे लावलेस!

तो उठला, पाना खिशात घातला आणि सायकल दामटत निघाला. संध्याकाळचे दिवे नुकतेच लागत होते, सगळे एकदम, एकही न रुसता. निम्म्या वाटेत त्याला कळलं, की पाना आहे पण शिडी डेपोत आहे. तरी तो थांबला नाही. माणूस धावत सुटला की अशा गोष्टी आडव्या येत नाहीत.

खांबाखाली काकू उभ्या होत्या. पडद्याच्या दांडीला त्यांनी केरसुणी बांधली होती, आणि चवड्यांवर उभं राहून, जीभ दातांत धरून, त्या केरसुणीने वरच्या पत्र्याला ढोसायचा प्रयत्न करत होत्या. केरसुणी हातभर कमी पडत होती.

सायकलचा ब्रेक वाजला. काकूंनी वळून पाहिलं. केरसुणी खाली आली नाही.

"जळमटं काढत होते," काकू म्हणाल्या.

"आज बसवलेल्या पत्र्याची?"

"कोळी फार कामसू आहेत इथले." मग त्यांनी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पान्याकडे बघितलं. "तू कशाला आलास?"

"एक नट सैल राहिला होता. घट्ट करायला."

"राहिला होता, की ठेवला होता?"

कुत्रा मध्ये येऊन बसला आणि आळीपाळीने दोघांकडे बघायला लागला.

"मी सैल करायला आले होते," काकू म्हणाल्या. केरसुणी त्यांनी खांबाला टेकवली. "आधी विचारलं असतंस तर दांडीचा पडदा तरी काढावा लागला नसता."

"आज काही घट्ट होत नाही, काकू. शिडी डेपोत आहे."

"मग उद्या आण."

"आता जाऊन आणतो की. गाडीची किल्ली माझ्याकडेच असते."

"आज आणलीस तर उद्या काय करशील?"

दिवट्याने वर पाहिलं. वारा पडलेला होता, पत्रा जागच्या जागी होता. त्याने सायकल वळवली.

"येतो, काकू."

"सगळेच म्हणतात," काकू म्हणाल्या आणि हात पुढे केला. "पाना ठेवून जा."