न झालेल्या लढाईतला मूर

“गुडघे टेकू नकोस हं, बातिस्त. सवयीनं टेकशील आणि ओब्दुलियाबाईंची सगळी मेहनत पाण्यात!” माझा फेटा बांधता बांधता माझी बायको रेमेई म्हणाली.

“तू आधी फेटा नीट बांध,” मी म्हणालो.

मी पाटकरी. वर्षभर कालव्याची दारं उघडतो नि लावतो. एप्रिलच्या उत्सवात गाव जुनी लढाई खेळतं, तेव्हा मात्र मी मूर सरदार, म्हणजे एकेकाळी स्पेनवर राज्य करणाऱ्या मुसलमानांचा. आधी वडील होते. ही भूमिका आमच्या घरातच चालत आलेली. तिसऱ्या दिवशी ख्रिस्ती फौज किल्ला जिंकायची, मूर सरदार गुडघे टेकून किल्ल्या द्यायचा आणि परत जाताना अख्खं गाव त्याला सडकी संत्री मारायचं. वडील हसत हसत घरी यायचे आणि न जेवता झोपायचे.

मग वालेन्सियाहून ओब्दुलियाबाई आल्या, इतिहासाच्या अभ्यासक. चर्चच्या माळ्यावर महिनाभर कागद उपसले आणि भर बारमध्ये सांगून टाकलं, “इथे लढाई झालीच नाही. करार झाला. मुरांनी किल्ल्या हातात दिल्या. पुढे साडेतीनशे वर्षं ते इथेच राहिले, मग त्यांना जहाजांत कोंबून हाकललं. तुमचा कालवा त्यांनीच खणलाय.”

क्वेलो खाटीक दरवर्षी ख्रिस्ती सेनापती व्हायचा. तो उसळलाच. “मग बाई, मी तलवार घेऊन काय भाजी चिरतो?”

“मटण चिर ना, तुझा धंदाच आहे तो,” बाई शांतपणे म्हणाल्या.

शिव्या खाल्ल्या, पण बाईंनी हट्ट सोडला नाही. वीस वर्षं शाळेत, रेडिओवर, बारमध्ये तेच सांगत राहिल्या. त्यांचं ऐकून वाढलेली पोरं आता उत्सव समितीत बसतात. त्यांनीच ठरवलं, यंदा करार वाचायचा, किल्ल्या उभ्यानं द्यायच्या. पण संत्र्यांचं काय? ते समितीच्या हातात थोडंच होतं!

मी उभ्यानं किल्ल्या दिल्या. “हात मिळव लवकर, चिलखतात उकडून मेलो,” क्वेलो पुटपुटला. मी हात मिळवला आणि गर्दीतून निघालो. खांदे आपोआप आखडले होते. एकही संत्रं आलं नाही. लोकांनी नुसती वाट करून दिली. कोणीतरी टोपी काढली. वडील आज हवे होते.

पुढच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत ओब्दुलियाबाई बसल्या होत्या. त्यांच्यासाठी पाठ केलेली दोन वाक्यं मी साफ विसरलो आणि तिथेच गुडघ्यांवर बसलो.

“अरे, ऊठ! यासाठी वीस वर्षं घसा फोडला का मी?”

“हे माझ्या वडिलांकडून आहे, बाई.”

त्या माझ्या खांद्यावर हात रोवून हळूहळू खुर्चीतून उभ्या राहिल्या.