माठाला पाचपैकी पाच

ऐक गं, नुसतं ऐक. मधी बोलू नको, न्हाईतर मला फुडचं आठवत न्हाई.

मंगल म्हाईत हाय न्हवं तुला? ज्ञानोबाकाकाची मंगल, राजपालची बहीण. मन्नाएखेळ्ळीला हायवेवर टायरच्या दुकानाच्या वर ते कम्प्युटरचं सेंटर हाय बग, तितं कामाला जाती ती. सव्वीस पोरी हायत, समद्या आसपासच्या खेड्यातल्या. काम काय, तर बसून वाचायचं. बेंगळूरूची एक कंपनी लेख धाडती, कवा कन्नड, कवा मराठी. मशीनला लिवायला शिकवायलेत म्हणं. पोरींनी लेख वाचायचा आन् तो मनाला किती पटला ते बघून एकापासून पाचपर्यंत मार्क द्यायचे. एका लेखाला चार मिनिटं. वरच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळत असतेत. चार मिनिटांत मार्क दिले न्हाई तर तो लेख आपोआप शेजारणीच्या पडद्यावर जातो.

मंगलच्या शेजारी पल्लवी. दोघींचं लई जमायचं. बसमधी एका शीटवर बसायच्या, एकच इयरफोन, एक दांडी हिच्या कानात, एक तिच्या. पर पाणी वेगळं.

पाण्याचं असं झालं. सेंटरच्या मागच्या खोलीत फिल्टर हाय. पहिल्या आठवड्यात मंगलनं त्याच्यातनं पाणी घेतलं, आन् दुसऱ्या दिवशी दहाबारा पोरी घरनं बाटल्या घेऊन आल्या. कुणी भांडलं न्हाई, वाकडं बोललं न्हाई. बौद्धांची पोरगी हाय, हे समद्यांना ठावं होतं, तेवढंच. दोन दिवसांनी व्यंकटअण्णानं, सेंटर त्याचंच हाय, भिंतीला एक खिळा ठोकला आन् गोड आवाजात म्हणला, "मंगल, तुझी बाटली हितं अडकव बाई. तुला जवळ पडंल." मंगलनं अडकवली. बाकीच्यांच्या बाटल्या चार दिवसांत घरी गेल्या, पोरी परत फिल्टरवर. मंगलची बाटली तीन वर्षं झाली, त्याच खिळ्याला.

आता यंदा काय झालं, एक बॅच आली. समदे लेख एकाच गोष्टीवर. कम्प्युटरच्या धंद्यात समद्या तऱ्हेची माणसं पायजेत. बायका पायजेत, खेड्यातली पायजेत, समद्या जातीधर्माची पायजेत. डायव्हर्सिटी. दिवसाला साठ-साठ लेख, समदे पटवायलेत. "विविधता हीच आमची ताकद" हे वाक्य पोरींनी इतक्या डाव वाचलं की त्यातली चैत्रा चहाला उठली की म्हणायची, "चला गं, आमची ताकद चहाला चालली."

पल्लवी म्हणायची, "एवढी आपली माणसं पायजेत ह्यांना, मग टायरच्या दुकानावर कामून बसवलेत? खाली हवा भरायला माणसं कमी पडायलेत काय?"

हसायच्या समद्या. मंगल बी हसायची. पर वाचून वाचून तिला एक गोष्ट कळली. मोठमोठे शब्द असले की पोरी दोनच्या वर जात न्हाईत. मधीच एखादी लहानशी वस्तू डोळ्यापुढं आली, कुणाची चप्पल, कुणाचा डबा, की लगीच चार, पाच. ती वस्तू खरी होती का न्हाई, कोण इचारतंय.

आन् मग कंपनीचा निरोप आला. निम्मी सेंटरं बंद करणार. ज्यांना टिकायचंय त्यांनी आपल्यातल्या एकीकडनं लिवून घ्या, तुमच्याकडं समद्या जणी कशा मिळून काम करतेत ते. कंपनीला पटलं तर येऊन बघणार, आन् मग तीन वर्षांचं काम. सेंटर बंद म्हणजे काय, तुला सांगायला नको. पोरी परत तुरीच्या रानात न्हाईतर मांडवात. मंगलचं लगीन तर मामांनी ठरवायलाच घेतलं होतं, नोकरी हाय म्हणून आईनं, सुभद्राबाईनं, अडवून धरलेलं.

व्यंकटअण्णा थेट मंगलकडं आला. "तुझ्यागत लिवणं कुणालाच येत न्हाई. आन् ह्या इषयावर तू लिवलीस की शोभतंय."

शोभतंय म्हणजे काय ते मंगलला कळलं. तरी बसली लिवायला. आन् लिवताना तिचा हात आपसूक त्या पाच मार्कांकडं गेला बग. तिनं लिवलं, "आमच्या सेंटरच्या दारात मातीचा एक माठ आहे. माठावर एकच गिलास. सव्वीस जणी त्याच गिलासानं पाणी पितो. आधी कोण प्यालं, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही."

घरी वाचून दाखवलं. राजपाल ताटावरनं उठला. "पाणी? लिवायला दुसरं काहीच न्हाई मिळालं तुला? आपल्या माणसांनी ज्या पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, ते तू असं फुकट वाटून टाकलीस?"

"मग काय लिवू? खिळा लिवू?" मंगल म्हणली. "खिळा लिवला तर सव्वीस जणी उद्या घरी."

ज्ञानोबाकाका ऐकायलेला. लहानपणी तो गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभा राहिलेला माणूस, वरनं कुणीतरी ओतंल म्हणून. म्हणला, "परत वाच बरं." मंगलनं परत वाचलं. "चांगलं हाय," तो म्हणला. "कुठल्या गावचं हाय म्हणलीस हे?"



कंपनीला लई आवडलं. फोन आला, सोमवारी म्याडम येणार, त्या माठाचा व्हिडिओ काढणार. व्यंकटअण्णा फोन ठेवून म्हणला, "माठ? कुठला माठ?" मग लेख वाचला. मग गाडी काढून हुमनाबादला गेला आन् पोत्यात गुंडाळून माठ घेऊन आला. एक यादी बी केली, कोण कुणामागं पाणी प्यायचं त्याची. मंगल सव्विसावी.

"मुद्दाम न्हाई गं," म्हणला. "लिवणारी तू. शेवटाला मान असतो."

मंगलला मनात गणित कळलं. शेवटाला ती, म्हणजे तिच्यामागं कुणालाच प्यायचं न्हाई.

सोमवारी म्याडम आल्या, बरुबर क्यामेरावाला. पोरी नवीन कपड्यात रांगेत. माठाला झेंडूचा हार. म्याडमनी यादी बघितली बी न्हाई. कन्नडमधी म्हणल्या, "लिवणारी कोण? ती पहिली."

व्यंकटअण्णा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणला. मंगल फुडं आली. गिलास माठात बुडवला, प्याली. नव्या मातीचा वास होता पाण्याला. गिलास झाकणावर ठेवला आन् बाजूला झाली.

पल्लवीची पाळी. पल्लवी माठाकडं बघायली, गिलासाकडं बघायली. मंगलकडं बघंना. "माझा उपवास हाय," म्हणली.

चैत्रा म्हणली, "माझा घसा बसलाय." तिसरी नुसती भुई बघत उभी राहिली. क्यामेरा चालूच.

म्याडम येड्या न्हवत्या. त्यांनी क्यामेरावाल्याला हात केला आन् मंगलला बाजूला घेऊन हळूच इचारलं, "इदु निजाना?" हे खरं हाय का?

समद्या पोरी कन्नड समजत्यात गं. पंचवीस जणींचे कान तिकडं. व्यंकटअण्णा घाम पुसायलेला. मंगलला दिसायलं, न्हाई म्हणलं तर उद्या ह्या जिन्याला कुलूप. पल्लवी मान खाली घालून ओढणी पिळायलेली बी दिसायली.

"हौदु म्याडम," मंगल म्हणली. व्हय, खरं हाय. आन् तेवढ्यावर थांबली न्हाई. एक लहान वस्तू पायजेच न्हवं पटवायला. म्हणली, "सोमवार हाय न्हवं. पल्लवी दर सोमवारी पाणी बी घेत न्हाई. सकाळी मला म्हणली, मंगल, माझ्या वाट्याचं बी तूच पी."

म्याडमचं तोंड खुललं. मग मंगलच्या एकटीचाच व्हिडिओ काढला, माठ धरून, हसताना.

तीन वर्षांचं काम मिळालं. त्याच सांजंला टायरवाल्यानं माठातलं पाणी पंक्चर बघायच्या टबात ओतून घेतलं. माठ जिन्याखाली पालथा. पल्लवी बसमधी तिच्याच शीटवर बसली आन् इयरफोनची दांडी फुडं केली. मंगलनं कानात घातली. गाणं कुठलं होतं ते तिला सांगता येत न्हाई.

हितंच संपलं असतं तर मी तुला सांगितलंच नसतं.

पंधरा दिवसांनी नवी बॅच आली. परत तेच, डायव्हर्सिटी. दुपारी मंगलच्या पडद्यावर एक लेख उघडला. आमच्या सेंटरच्या दारात मातीचा एक माठ आहे. तिचाच. वर नाव न्हाई, गाव न्हाई. कंपनीला काय म्हाईत तो कुणाकडं जाईल. खाली मार्कांची जागा, आन् ह्या डाव एक नवा प्रश्न. ह्यातलं खरं हाय का? व्हय, न्हाई. न्हाई दाबलं की कारण लिवायला चौकट उघडती, आन् ते थेट बेंगळूरूला जातं. कुणी दाबलं ते व्यंकटअण्णाला बी कळत न्हाई.

चार मिनिटं. क्यामेरा न्हाई, म्याडम न्हाई. मंगलनं बाण "न्हाई"वर नेऊन ठेवला. ठेवला आन् बसली. समोर खिळा, खिळ्याला बाटली. तीन मिनिटं. दोन. बोट बटणावर, पर बोट खाली जाईना. "व्हय"कडं बी जाईना.

वेळ संपला. लेख पडद्यावरनं गेला.

कुठं गेला असंल? शेजारी. पल्लवी शेंगदाणे खायली होती, तिचं तोंड हलायचं थांबलं. पुरं वाचलं तिनं. मान वळवली न्हाई. मंगलला तिचा पडदा तिरका दिसायलेला. पल्लवीनं पाच दाबलं. मग "व्हय" दाबलं.

"चहाला येतीस का?" पल्लवी म्हणली, पडद्याकडं बघतच.

मंगल उठली गं. खिळ्यावरची बाटली घेतली आन् तिच्या मागं गेली.

आता तू सांग. ती चार मिनिटं तुझ्या पडद्यावर असती, आन् बोट तुझं असतं, तर तू काय केली असतीस?