सांगून नेलेला साबण

समन्स वर्तकनगरच्या घरी आलं तेव्हा रंभाबाईंना वाटलं, आता पोलीस दारात उभे राहणार. त्यांनी लगेच पिशवीत एक साडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. एकोणसत्तराव्या वर्षी तुरुंगात जायचं, तर निदान गोळ्या तरी हव्यात.

नात प्रियांका वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने कागद वाचला आणि आजीची पिशवी रिकामी केली. "आजी, समन्स म्हणजे अटक नाही गं. तारखेला कोर्टात हजर राहायचं, बस. आणि चोरीचा नुसता आरोप आहे, सिद्ध कुठे झालाय?"

चोरी कसली, तर दोन साबण आणि चहाचा पुडा. माजिवड्याच्या नव्या मार्टमध्ये रंभाबाईंनी तांदूळ-तेल ट्रॉलीत ठेवलं आणि हे हलकं सामान आपल्या कापडी पिशवीत. काउंटरवर त्यांनी ते नीट सांगितलंही. पण तिथल्या मुलीचं लक्ष मशीनकडे. तिने ट्रॉलीतल्या मालाचं बिल केलं, तिने मागितले तेवढे पैसे बाईंनी दिले, आणि दारातली मशीन वाजताच रखवालदाराने त्यांना अडवलं.

ही सवय विठ्ठलवाडीची. माहेरच्या गावी त्यांच्या आईला दुकानाच्या पायरीखाली उभं राहून माल मागावा लागे, आणि वाणी वरूनच पुडी टाके. लग्न होऊन रंभाबाई विठ्ठलवाडीच्या चाळीत आल्या, तर कोपऱ्यावरचे किराणावाले धोंडीबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आत या वहिनी, बघून घ्या." चाळीतल्या बायका आत जायच्या, हवं ते आपापल्या पिशवीत टाकायच्या आणि निघताना मोठ्याने सांगायच्या: साबण एक, काडेपेट्या दोन. धोंडीबांनी कुणाची पिशवी कधी उघडून पाहिली नाही. एकदा रंभाबाई खोबरेल सांगायला विसरल्या, तर अर्ध्या वाटेतून धापा टाकत परत गेल्या होत्या. काय दिवस होते ते. माणसाच्या शब्दाला वजन होतं. आता दारातली मशीन कोकलते आणि तिचंच खरं.

"आई, कबूल करून टाक," मुलगा महेंद्र म्हणाला. "पहिलीच वेळ, किंमत किरकोळ, सामान परत दिलेलं. थोडे दिवस समाजसेवा करायला लावतील. नाहीतर तारीख पे तारीख."

रंभाबाईंना ते पटलं. बाग झाडायला लावली तर झाडू. झाडूला त्या कधीच भ्यायल्या नव्हत्या. हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं.

ठाण्याच्या कोर्टात नाव पुकारलं गेलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी आरोप समजावून सांगितला: दुकानाच्या संमतीशिवाय, लबाडीने वस्तू नेल्या. "गुन्हा कबूल आहे का?"

मागून महेंद्र हलकेच खाकरला. रंभाबाईंच्या ओठांवर 'हो' आलेलं होतं, पण त्या 'लबाडीने'पाशी अडलं. पायरीखाली उभी असलेली आई त्यांना आठवली. ज्या नजरेने तिला जन्मभर बाहेर उभं केलं, त्या नजरेलाच आज आपण हो म्हणायचं?

"नाही, साहेब. मी सांगून नेलं. त्यांनी ऐकलं नाही."

पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची पडली. बाहेर आल्यावर महेंद्र वैतागून म्हणाला, "आज सुटली असतीस, आई."

"सुटले असते रे," रंभाबाई म्हणाल्या, "पण चोर होऊन. तू तारीख लिहून घे, मी येईन."