पाचातला एक

माझ्या नवऱ्याला पाचात घेतलं, त्या दिवशी केक मीच केला होता. म्हणजे आता बोलायला तोंड आहे कुठे मला! पण बोलणारच.

तेव्हा ही रीत नवी होती. हंगाम संपला की बेसबॉलच्या प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखीव म्हणून जाहीर करायचे आणि त्या पाचांना दुसऱ्या कुठल्याही संघाने हात लावायचा नाही. आम्हाला वाटलं, काय हा मान! बाकीचे सगळे वाऱ्यावर आणि आमचा एबन मालकांच्या गळ्यातला ताईत. त्याने गुत्त्यात सगळ्यांना बिअर पाजली. ओटो वेगनास्ट नावाचा उंचेला जर्मन आमच्या संघात नवाच आला होता, तो तर टेबलावर चढून गायला. ताईत दुसऱ्याच्या गळ्यात असतो आणि त्याला स्वतःहून कुठे जाता येत नाही, एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात शिरली नाही.

एबन कॅचर होता. पिचर जो चेंडू फेकतो तो फलंदाजाच्या मागे उभं राहून झेलायचा, तोही उघड्या हातांनी. आणि आमचा पिचर कोण, तर टॅगर्ट! चेंडू हातात आला की त्या मेल्याच्या अंगात काय संचारायचं, देव जाणे. त्याचे चेंडू झेलायला दुसरे दोघे उभे करून पाहिले. एकाचं बोट सांध्यातून निखळलं, दुसऱ्याने आठवड्याच्या आत गाशा गुंडाळला. एबन तेवढा टिकला. म्हणून आमचे मालक व्हॅन ऑर्डेन साहेब त्याला 'लोखंडी हात' म्हणायचे, शहरभर भिंतींवर तशा जाहिराती चिकटवायचे. लोक ते हात बघायला यायचे. आणि ते लोखंड मी रोज संध्याकाळी कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची.

उजवी करंगळी मोडून वाकडीच जुळली होती. शेजारच्या बोटाचा सांधा सुपारीएवढा झाला होता. काटा धरताना तो अंगठा आणि दोन बोटं वापरायचा आणि मी बघत नाही असं समजायचा.

माझं माहेर हातमोज्यांच्या गावातलं. तिथे पुरुष कातडं ताणून कापतात आणि बायका घरी बसून शिवतात. माझे बाबा कापणारे. गावातल्या कारखान्याचे मालकच गावचा संघ चालवायचे आणि त्यांना पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या टप्प्यावर, राखण करायला माणूस हवा होता. उन्हाळ्यात खेळायचं, हिवाळ्यात बाबांच्या शेजारी टेबलावर उभं राहून कातडं कापायचं. पहिल्या बेसवर टॅगर्टचे चेंडू येत नाहीत. एबनला याच्यापलीकडे काही नको होतं. झोपेतसुद्धा तो त्या गावच्या मैदानाबद्दल बोलायचा.

बाबांनी त्याची बोटं एकेक दाबून पाहिली होती. म्हणाले, "जावईबापू, अजून चालतील. पण आणखी दोन गेली, तर जावई म्हणून रोज जेवायला घालीन, टेबलाला उभं करणार नाही. कातडं बोटांनीच कळतं."

एबन साहेबांकडे गेला. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडंच होतं.

"मला सोडा साहेब. पुढच्या वर्षी राखीव ठेवू नका."

"तुला सोडू? अरे, तू घरचा माणूस!"

"घरचा म्हणूनच सांगतो. माझी बोटं चाललीत."

"मग जातील तेव्हा सोडू की! आम्ही काय राक्षस आहोत?"

आणि हसले हो. खरंच हसले. त्यांना तो मनाचा मोठेपणा वाटत होता.

माझ्या माहेरच्या संघाने हात वर केले. राखीव माणूस घेतला, तर बाकीचे संघ आमच्याशी खेळणार नाहीत म्हणाले. मी एबनला म्हटलं, "मग मुद्दाम चेंडू सोड. सोडतील तुला."

"मन लावून खेळत नाही म्हणून काळ्या यादीत टाकतील. मग कुठेच नाही, थर्झा. गावातही नाही."

"तर मग मार लाथ त्या खेळाला! कायमची!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. "माझी धावायची चार-पाच वर्षं उरलीत," तो म्हणाला. "तीही मीच उचलून फेकून देऊ?"

इकडे आड, तिकडे विहीर. चांगलं खेळावं तर पाचात, वाईट खेळावं तर काळ्या यादीत. सुटायचं ते बोटं गेल्यावरच आणि बोटं गेल्यावर सुटून करायचं काय?

मी हातमोजेवाल्याची लेक. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मऊ हरणाचं कातडं आणलं, अगदी अंगाच्या रंगाचं. बोटांची टोकं मोकळी ठेवली, तळव्यात नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, थर घातला आणि जोडी शिवली.

एबनने ती बाजूला सारली. "असली बायकी थेरं नकोत. लोक थुंकतील."

"थुंकू देत. थुंकी पुसता येते. मोडलेलं बोट पुसता येतं का?"

घातली शेवटी. प्रेक्षकांना लांबून काही दिसायचं नाही. समोरच्या संघातल्या कॅचरच्या हातातही असलंच काहीतरी असायचं, तेव्हा तोही तोंड उघडायचा नाही. त्या उन्हाळ्यात एकही बोट गेलं नाही. सुपारी ओसरली. एबन पुन्हा चार बोटांनी काटा धरायला लागला आणि मी चर्चमध्ये देवाचे आभार मानून आले.

हंगाम संपला. पाच नावं जाहीर झाली. पहिलंच एबनचं.

साहेबांनी त्याचा हात सगळ्यांपुढे उंच केला. "म्हणे बोटं चालली! लोखंड आहे, लोखंड!"

घरी आल्यावर एबनने ती जोडी टेबलावर ठेवली. पिंजऱ्याचं दार किलकिलं होतं, ते मीच टाके घालून बंद केलं होतं. त्या हिवाळ्यात तो माझ्या माहेरी आलाच नाही. ते मैदान बघवत नाही म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ओटो जेवायला आला. मी बटाटे सोलत होते. ओटो लांब उजव्या कोपऱ्यात खेळायचा, तिथे दिवसाकाठी दोन चेंडू यायचे. पण त्याच्या मनात कॅचर व्हायचं होतं. त्याने सहज ती जोडी चढवली.

"वहिनी, फेका एक बटाटा!"

मी फेकला. त्याने झेलला. मग एबनने फेकला. मग जरा जोरात, मग आणखी जोरात. बटाटे भिंतीवर फुटायला हवे होते, पण एकही फुटला नाही. ओटो हसत होता. एबन मात्र हसायचा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

ओटो गेल्यावर एबन म्हणाला, "हे घालून तो टॅगर्टला झेलेल."

"मग त्यांना तू कशाला हवास?"

"तेच म्हणतोय. पण गुपचूप भागायचं नाही. साहेब दोघांनाही ठेवतील. जोवर लोक लोखंडी हात बघायला येतात, तोवर ते मला सोडायचे नाहीत." त्याने ती जोडी उचलली. "लोकांनाच मी नकोसा व्हायला हवा."

त्या नावापायी त्याने काय काय सोसलं होतं! पण मी नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "आधी ओटोला नीट विचार."

विचारलं. ओटो म्हणाला, "एबनदादा, तुम्ही मेल्याशिवाय ती जागा मिळायची नाही असं वाटायचं मला!"

शनिवारचा सामना होता. मैदान गच्च भरलं होतं. संघाचा कप्तान एबनच, तेव्हा खेळाडूंच्या जागा बदलणं त्याच्या हातात होतं. खेळ रंगात आला, तसा त्याने ओटोला हाक मारली. मग प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला. सावकाश एक हातमोजा काढला, मग दुसरा. दोन्ही सगळ्यांना दिसतील असे वर धरले आणि ओटोच्या हातात घातले.

आधी कोणाला कळलंच नाही. मग कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तर हातमोजेवाला!"

मग काय विचारता! "बायकोचे मोजे घालतोस काय रे!" "आता झगा पण घाल!" शेंगांची टरफलं उडाली, बसायच्या गाद्या उडाल्या. माझ्या शेजारची बाई नाक मुरडून म्हणाली, "दोन वर्षं फसवलं मेल्याने." मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मी शिवलेत ते! तुमच्या तोंडांची मापं द्या, त्यांनाही एकेक शिवते!" बाबा असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. आमच्या गावात हातमोज्याची कसली लाज? त्यावर तर चुली पेटतात.

पण एबनला लागलं. तो मान खाली घालून उजव्या कोपऱ्यात चालत गेला, तेव्हा त्याची पाठ एकदम म्हाताऱ्याची दिसली. मला रडू आवरेना. इकडे टॅगर्ट पेटला होता आणि ओटो एकामागून एक चेंडू झेलत होता. तेच हातमोजे, तेच लोक, आणि ते टाळ्या वाजवायला लागले.

हंगाम संपला. पाचात एबनचं नाव नव्हतं. ओटोचं होतं.

आम्ही माझ्या माहेरी जायला सामान बांधत होतो. ओटो बिअरची बादली घेऊन नाचत आला आणि मला उचलून गिरकीच घेतली त्याने. "वहिनी, पाचात! मला पाचात घेतलं!"

एबन त्याचा हात हातात घेऊन उभा राहिला. पटकन सोडेना. "ओटो," तो म्हणाला, "उद्या आईकडे परत जावंसं वाटलं तर?"

"कशाला वाटेल?"

"वाटलं तर. ते सोडणार नाहीत तुला."

"सोडतील कशाला? मी काय वाईट खेळतो?" ओटो हसला. मग जरा चमकून त्याने विचारलं, "दादा, तुम्हाला वाईट तर नाही ना वाटलं, माझं नाव आलं म्हणून?"

एबनने नकारार्थी मान हलवली.

"आणखी एक जोडी द्याल ना, वहिनी? ही विरत चालली."

मी बांधलेली पेटी सोडून मापाची फीत काढली. ओटोने दोन्ही पंजे टेबलावर पसरले. दहाच्या दहा बोटं सरळ होती. मी एकेकाचं माप घेत गेले. तो शीळ घालत होता.

"थर्झा," एबन खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "नमदा दुहेरी घाल."