धुनीवर चालणारं घड्याळ

माझ्या थोरल्या नातीला, सायलीला, मुलगी झाली ते साल २०२२. त्याच मार्गशीर्षात नेकनूरला माझ्या धाकट्या भावाच्या, विठ्ठलरावाच्या घरात माणूस मावेना. बंद पडलेलं घड्याळ कालनाथ नावाच्या महाराजानं मंत्र म्हणून चालू केलं होतं.

लंबकाचं, शिसवी पेटीचं ते घड्याळ आमच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेलं. थंडी पडली आणि ते थांबलं. त्याच दिवशी विठ्ठलची सून सत्यशीला चक्कर येऊन पडली. पोरीला लहानपणापासून साखरेचा आजार. इन्सुलिनच्या सुईवर जगणारी. घरच्यांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. अशी गाठ दिसली की महाराज वास काढत येतोच.

त्यानं घड्याळाखाली निखाऱ्यांची धुनी ठेवली, ऊद टाकला, डोळे फिरवले. "काळ माझा चाकर हाय! हिचा श्वास या लंबकाला बांधला. लंबक हालतोय तवर हिला मरण न्हाई. धुनी इझू देऊ नका. अन् सुया बंद! सुईनं मंत्राला भोक पडतं."

मग लंबकाला बोट लावलं. टिकटिक सुरू झाली. लोक पाया पडले. विठ्ठलनं रस्त्याकडची जागा महाराजाच्या मठाला बोलून टाकली.

मी म्हणालो, "इठ्ठला, पोरीची सुई कावून बंद करतूस?"

"दादा, डोळ्यानं बघूनबी तुमाला पटंना?"

भावकीतला सुग्रीव ओरडला, "महाराज, आमच्या दादालाबी चावी द्या. लई मंद चालतेत!" सगळे हसले.

दोन दिवसांनी आतल्या खोलीत सत्यशीला धापा टाकत होती. "मोठे मामा, तहान लई लागती. पाणी पिलं की उलटी होती."

"इष भाईर पडतंय," महाराज म्हणाला.

माझं कोणी ऐकेना, म्हणून मी बीडहून विजयमालाबाईंना आणलं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. जुनी घड्याळं जमवून दुरुस्त करण्याचा त्यांना नाद. त्यांनी तबकडी काढली, चाकांवरून बोट फिरवलं. बोट तेलकट, कुंकवानं लाल.

"तेल कोणी घातलं?"

"मीच," विठ्ठल म्हणाला. "आमचे वडील नुसतं हळदकुंकू लावायचे. औंदा खंडेनवमीला मोटारीला, ट्रॅक्टरला तेल दिलं, तसं घड्याळालाबी दिलं. पळीभर खोबरेल."

"थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं?"

"थिजती की," एक बाई म्हणाली. "उन्हात ठेवावी लागती."

बाईंनी धुनी अंगणात नेली. गारठा होता. टिकटिक मंदावली आणि थांबली. "गेली! सून गेली!" म्हणून बायकांनी हंबरडा फोडला. तेवढ्यात आतून सत्यशीलाचा आवाज आला, "पाणी द्या."

बाईंनी घड्याळ बाहेरच्या भिंतीवर, उन्हात टांगलं. ऊन तापल्यावर लंबकाला बोट लावलं. ना धुनी, ना मंत्र, तरी घड्याळ चालू लागलं. "उमापूर गावातही त्यानं हाच खेळ केला होता," बाई म्हणाल्या. "पण हे नंतर. आधी पोरीला उचला!"

महाराज मोटारसायकलवर बसून पसार झाला. जाताना धुनीचं भांडं तेवढं विसरला नाही.

नवरा रविराजनं तिला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सुई कोणी बंद केली?" घरी घड्याळ उन्हात चालतच होतं.

सुग्रीव आजही सांगत फिरतो की मास्तरीणबाईनं घड्याळ थांबवलं म्हणून सून मेली. अशा माणसाशी मी बोलणं सोडलं आहे, तुमच्याशी बोलतो. थिजलेलं खोबरेल उबेनं पातळ होतं, हे तुमच्या घरातल्या पोरालाही ठाऊक आहे. मग चमत्कार दिसला की पाया पडण्याआधी तेच शहाणपण वापरा. आत काय आहे, ते उघडून बघा. आणि आजाऱ्याची सुई, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

सत्यशीला, रविराजची बायको, सोमवारी, १९ डिसेंबर २०२२ रोजी संध्याकाळी बीडच्या दवाखान्यात वारली.