सीर यांच्या तळघरातला बंब

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास कोलेट मिशोनं नव्या बंबाचा बर्नर पहिल्यांदा पेटवला. तेलाचा बंब पेटवण्याआधी त्यात पाणी काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर कोरडी टाकी काही मिनिटांत वाया जाते. म्हणून तिनं वर स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उघडायला लावला होता. नळातून हवेचे फुरफुर आवाज थांबून पाण्याची सलग धार लागली तेव्हाच तिनं खाली खटका दाबला. ज्योत धरली. धुरात काजळी किती आहे ते कागदावर ठिपका घेऊन पाहिलं, धुराड्याची ओढ किती आहे ते मोजलं. काटा तिसऱ्या रेघेवर होता. असायला हवा तसाच. आकडे तिनं कार्डावर लिहिले आणि कार्ड तारेनं तेलाच्या नळीला अडकवलं.

कोलेट चव्वेचाळीस वर्षांची. सेंट जॉन नदीच्या या खोऱ्यात, जिथं नदीपलीकडे कॅनडा दिसतो, तेलाच्या भट्ट्या आणि बंब बसवण्याचं काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. वडील गेल्यावर गाडी आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे आली. आजचं काम सोपं नव्हतं. पाणी तापवायची विजेची जुनी टाकी बुडाशी गंजून फुटली होती. घर ऊबदार ठेवायला स्वयंपाकघरात लाकडाची चूल होती, पण तिचं धुराड्यातलं भोक वेगळं. शेजारचं दुसरं भोक पूर्वी वर स्वयंपाकघरात असलेल्या तेलाच्या शेगडीचं, कित्येक वर्षं रिकामं. कोलेटनं ते खरवडून साफ केलं, आतून पोलादी नळी सोडली आणि नवा बंब त्यालाच जोडला. एकाच भोकात लाकडाचा आणि तेलाचा धूर सोडायचा नाही, हे वडिलांचं सांगणं तिनं कधी मोडलं नव्हतं.

घाई होती ती लिओनेल सीर यांच्यासाठी. एक्क्याऐंशी वर्षांच्या लिओनेलचा सप्टेंबरात खुबा मोडला. दोन महिने ते इस्पितळात होते. उद्या, गुरुवारी, त्यांना सोडणार होते. कुठे सोडणार, ते आज चार वाजता ठरायचं होतं. इस्पितळाची परिचारिका घर बघायला येणार होती. पकडायला दांड्या हव्यात, न्हाणीत बसायला खुर्ची हवी आणि नळाला गरम पाणी हवं. यातलं काही नसलं, तर तासाभराच्या अंतरावर कॅरिबूला वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी एक खाट धरून ठेवलेली होती.

"नोव्हेंबरात तिथं गेलेला माणूस मे महिन्यात परत आलेला मी पाहिला नाही," लिओनेलची बायको अल्बर्टीन सकाळीच म्हणाली होती. त्यानंतर दुपारपर्यंत तिनं तो विषय काढला नाही.

एक वाजता तिनं वरून हाक मारली. "कोलेट, पोरी, वर ये आता. प्लोय थंड होताहेत."

प्लोय म्हणजे कुट्टूच्या पिठाची पिवळसर धिरडी, एकाच अंगानं भाजलेली. तव्यावर वाफ आणि धूर उठत होता, म्हणून अल्बर्टीननं चुलीवरचा पंखा चालू केला होता. शेजारच्या खोलीत कपडे वाळवायचं यंत्र घरघरत होतं. लिओनेलच्या चादरी आत्ताच नव्या गरम पाण्यात धुऊन निघाल्या होत्या. बाहेरून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते.

"रोझेअरकाका अजून पाया झाकताहेत?" कोलेटनं विचारलं.

"झाकू दे. काल निम्मा झाला, आज उरलेला. त्याला ते केल्याशिवाय हिवाळा आला असं वाटतच नाही."

रोझेअर हा लिओनेलचा धाकटा भाऊ, वय चौऱ्याहत्तर, पलीकडच्याच घरात राहणारा. दर वर्षी बर्फ पडायच्या आत तो दोन्ही घरांचे पाये झाकायचा. भिंतीच्या तळाशी स्प्रूस झाडाच्या हिरव्या फांद्या गच्च रचायच्या, वर काळं प्लास्टिक, त्यावर पट्ट्या ठोकायच्या, फटींत पालापाचोळ्याच्या पिशव्या कोंबायच्या. खोऱ्यात सगळेच असं करतात, पण रोझेअरच्या कामाला बोट ठेवायला जागा नसायची.

कोलेटनं तिसऱ्या धिरड्यावर लोणी लावलं आणि हात थांबवला. लोण्याचा वास नव्हता तो, आणि कुट्टूचाही नव्हता. जिन्याच्या दिशेनं जळलेल्या तेलाचा उग्र वास येत होता.

ती उठली. जिन्याच्या तोंडाशी बर्नर तोडायचा लाल पट्टीचा खटका असतो, तो तिनं आधी बंद केला. मग खिशातलं यंत्र हातात धरून चार पायऱ्या उतरली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा अडतीस होता आणि वर चढत होता. ती माघारी वळली.

"काकू, पंखा बंद. कपड्यांचं यंत्र बंद. दार उघडा, खिडकी उघडा आणि अंगणात चला."

"अगं, काय झालं?"

"आधी चला, मग सांगते."

अंगणात येताच तिला कारण दिसलं. बाहेरून तळघरात उतरायची तिरकी लाकडी झडप सकाळपासून सताड उघडी होती, कारण तिनं टाकी तिथूनच आत नेली होती. ती झडप आता बंद होती. वर पानांच्या सहा पिशव्या, त्यावर प्लास्टिक, आणि रोझेअर शेवटची पट्टी ठोकत होता. तळघराच्या दोन्ही खिडक्या कालच फांद्यांखाली गेल्या होत्या.

कोलेटला स्वतःचाच राग आला. बर्नरची सगळी मोजमापं तिनं झडप उघडी असताना घेतली होती. उघड्या दारात कुठलंही धुराडं ओढतं. कार्डावर लिहिलेला आकडा खरा होता, पण तो उन्हाळ्यातल्या घराचा होता. हे घर सात महिने असं बंद राहणार होतं.

"काका, ती पट्टी काढा."

रोझेअरनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. "काढू? आत्ता ठोकली."

"बर्नरला जळायला हवा लागते. तळघरात हवा यायला तुम्ही एक भोक ठेवलं नाहीत. वर पंखा आणि कपड्यांचं यंत्र घरातली हवा बाहेर फेकतात. मग घराला हवा मिळते ती धुराड्यातून, उलटी. धुरासकट."

"या घराचा पाया मी पन्नास वर्षं झाकतोय. आजवर कोणी मेलं नाही."

"आजवर तळघरात जळणारं काही नव्हतं. विजेची टाकी होती ती."

"म्हणजे चूक तुझ्या बंबाची."

"चूक माझी. सकाळी झडप लावून बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. पण धूर खोटा नाही."

रोझेअरला बोलून पटणारं नव्हतं. कोलेटनं स्वतःच पट्टी उचकटून झडप उघडली. वीस मिनिटांनी तळघरातला धूर गेला आणि यंत्राचा आकडा शून्यावर आला, तेव्हा कोलेट त्याला खाली घेऊन गेली. झडप लावली. वरून अल्बर्टीननं पंखा आणि कपड्यांचं यंत्र चालू केलं. बर्नर बंदच ठेवून कोलेटनं काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर धुराड्याच्या नळीवरच्या झुलत्या झाकणापाशी धरला. धूर आत जायला हवा होता. तो सरळ रोझेअरच्या मिशांवर आला.

रोझेअर खोकला. "मग पंखा लावू नका म्हणावं."

"लिओनेलकाकांसाठी डुकराचं मांस तळताना काकूंना हे कोण सांगणार? तुम्ही?"

"मी नाही सांगणार बुवा."

"झालं तर."

"हे बघ, खिडकी उघडी ठेव, झडप उघडी ठेव, म्हणशील ते कर. पण जानेवारीत उणे तीसचा वारा आत शिरला की सगळे नळ फुटतील. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा गाईंनी पायावरच्या फांद्या उकरल्या आणि नळ फुटले. बापानं मार्चपर्यंत नदीचा बर्फ फोडून पाणी आणलं. लिओनेल आणि मी बादल्या वाहिल्या. पायाला हात लावायचा नाही."

"हवा आत येईल पण सांडणार नाही, अशी सोय करता येते. खिडकीतून नळी आत घ्यायची आणि तिचं तोंड जमिनीवर पिंपात सोडायचं. गार हवा जड असते, पिंपात बसून राहते. बर्नर ओढेल तेव्हाच बाहेर येते. पण त्यासाठी खिडकीवरच्या फांद्या कापाव्या लागतील."

"नाही."

अल्बर्टीन जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कोलेट," ती म्हणाली, "नर्स येईल तेवढा वेळ झडप उघडी ठेव ना. ती पाण्यात बोट घालेल, सही करेल आणि जाईल. बाकीचं उद्या बघू."

झडप उघडी असली तर बंब बिनधोक चालत होता, आणि नर्सला यापेक्षा जास्त काही विचारायचंही नव्हतं. पण रात्री गारठा वाढला की कोणीतरी ती झडप लावणार, हे कोलेटला दिसत होतं.

"नाही काकू. खटका बंद राहील. विचारलं तर मी तिला खरं ते सांगेन."

घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून अल्बर्टीन बाहेर गेली, लाकडं फोडायच्या ओंडक्यावरची कुऱ्हाड उचलली आणि वायव्येच्या कोपऱ्यावर घाव घातला. प्लास्टिक टरकन फाटलं.

"वहिनी! वहिनी, तिथं नको! सगळा वारा त्याच कोपऱ्यातून येतो!" रोझेअर तळघरातून धापा टाकत वर आला.

"मग कुठं, ते तू सांग. नाहीतर कॅरिबूला दर रविवारी तुझ्या भावाला भेटायला जाशील तेव्हा त्याला सांग, पाया मात्र छान झाकलाय म्हणून."

शहात्तर वर्षांच्या बाईनं कुऱ्हाड पुन्हा उचलली. रोझेअरनं दांडा धरला.

"दे इकडं. तोडायचं तर नीट तोडावं. पूर्वेची खिडकी. वाऱ्याच्या आडोशाला आहे."

त्यानं स्वतः प्लास्टिक चाकूनं चौकोनी कापलं, फांद्या एकेक करून काढल्या आणि बाजूला रचून ठेवल्या. कोलेटनं काचेच्या जागी जाड फळी बसवली, तिला सहा इंची भोक पाडलं, जाळी ठोकली आणि गाडीतली पत्र्याची नळी दोन वळणं देऊन बर्नरजवळ जमिनीपर्यंत आणली. पिंप रोझेअरनं आणलं. बटाटे भरायचं, सीडरच्या लाकडाचं पिंप, मधोमध कापलेलं. नळीभोवतीच्या फटी तो फांद्यांनी पुन्हा बुजवत असताना कोलेट दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "तोंडावर नको, काका!" आणि तो दर वेळी उत्तर देत होता, "मला डोळे आहेत!"

परिचारिका चारला पाच मिनिटं कमी असताना आली. डोरीन पेल्तिए, उंच, चष्मा साखळीला लावलेला. दांड्या हलवून बघितल्या. न्हाणीतल्या खुर्चीवर स्वतः बसून बघितलं. मग गरम पाण्याचा नळ सोडून त्यात तापमापकाची काचेची नळी धरली.

"पाणी गरम आहे."

"ते दुपारचं आहे," जिन्यावरून कोलेट म्हणाली. "बंब अजून बंद आहे. दहा मिनिटं द्या."

"मला साडेचारला पुढच्या घरी पोचायचंय."

"मग बसू नका, उभ्यानं थांबा."

झडप बंद. खिडक्या, दारं बंद. पंखा पूर्ण वेगानं, कपड्यांचं यंत्र चालू. कोलेटनं खटका दाबला. बर्नर घुमला. ओढ मोजायच्या यंत्राचा काटा शून्यापाशी थरथरला, एका रेघेपर्यंत चढला आणि तिथंच थांबला. रोझेअर तिच्या खांद्यावरून बघत होता. काटा एका रेघेवरच राहिला असता तर तिला बर्नर बंद करावा लागला असता. थंड पोलादी नळी तापायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं, पण ती मिनिटं मोजत राहिली. चौथ्या मिनिटाला काटा दोनवर आला. सहाव्याला तीनच्या किंचित खाली. काडीचा धूर झाकणातून आत ओढला गेला. कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्राचा आकडा शून्यच राहिला. पिंपावर हात धरला तर बर्फासारखी हवा काठावरून बर्नरकडे सरकत होती. दोन हात पलीकडे तळघर पूर्वीइतकंच ऊबदार होतं.

ती वर आली. "आता लिहा."

डोरीननं रकान्यात खूण केली. अल्बर्टीननं तिला दोन प्लोय रुमालात बांधून दिले, तिनं ते नको म्हटलं आणि घेतले.

गुरुवारी अकरा वाजता गाडी आली. लिओनेल वजनानं अर्धे झाले होते, पण आवाज तेवढाच होता. दारातच त्यांनी पूर्वेकडचा चौकोन बघितला आणि विचारलं, "पायाला भोक कोणी पाडलं?"

"मी," रोझेअर म्हणाला. "मुद्दाम पाडलंय. आत चल, थंडी येतेय."

कोलेट त्या वेळी तळघरात होती. पहिला दिवस उलटला की ती सगळे आकडे एकदा पुन्हा घ्यायची. कालचं कार्ड तिनं काढून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं. तारीख, ओढ, काजळीचा ठिपका. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं: सर्व दारे बंद, पंखा चालू. वर न्हाणीत पाणी सुटलं, आणि मिनिटभरानं बर्नर आपोआप घुमू लागला.

"अल्बर्टीन!" वरून लिओनेलचा आवाज आला. "मला न्हाऊ घालतेयस का बटाट्यासारखा उकडतेयस?"

"गप्प बस आणि हात वर कर."

कोलेटनं गरम आणि गार पाणी मिसळणारी तोटी थोडी गारकडे फिरवली, काटा पुन्हा बघितला आणि कार्ड अडकवलं.