घर क्रमांक पंधराच्या भिंतीवरचा फळा

मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा तुम्हाला रोज दिसतो. मीही फळाच आहे, पण शाळा मी कधी पाहिली नाही. भाईंदर पूर्वेला, गावठाणातल्या एका अरुंद गल्लीत, पंधरा नंबरच्या घराच्या भिंतीवर माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्यावर गणितं नसायची. ‘उद्या पाणी दुपारी तीनला येईल’, ‘गटाराचे काम, गल्ली दोन दिवस बंद’, ‘पोलिओचा डोस रविवारी समाजमंदिरात’ असलं काहीबाही असायचं. आता मी म्हातारा झालोय आणि जिथे पडलोय तिथे वेळच वेळ आहे. म्हणून सांगतो.

मी मुळात एका दाराची फळी. काळूरामचे वडील मिठागरात कामाला होते. तिथली मीठ साठवायची खोली मोडली, तेव्हा तिचं दार त्यांनी डोक्यावरून घरी आणलं. काळूराम ग्रामपंचायतीत शिपाई होता. त्याने सुताराकडून मला चौकट मारून घेतली. त्याची बायको शांती तेव्हा नवी नवरी होती. तिने कोळशाची पूड आणि माक्याचा पाला पाट्यावर वाटला आणि तळहाताने माझ्यावर तीन वेळा लेप दिला. मी काळाकुळकुळीत झालो. लाकडात मुरलेलं मीठ मात्र गेलं नाही. दमट हवेत अजून माझ्या अंगावर पांढरं फुटतं. नव्या माणसाला वाटतं, खडूचा हात लागलाय.

काळूराम चौथी शिकलेला, पण अक्षर असं की लोक मजकूर वाचून झाल्यावरही उभे राहायचे. पंचायतीच्या आवारात कोण मुद्दाम वाचायला येणार, म्हणून त्याने मला स्वतःच्या भिंतीवर लावलं. पुढे पंचायतीची नगरपालिका झाली, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. मिठागरं मागे सरली, इमारती पुढे आल्या. मी मात्र त्याच खिळ्यांवर.

शांतीला वाचता येत नव्हतं. काळूरामने शिकवायचा प्रयत्न केला, पण मासळी, चूल आणि लेक यांतून ती कधी मोकळी झालीच नाही. शेवटी त्याने तिला एकच गोष्ट पक्की शिकवली. दारावर रंगवलेल्या आकड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा पंधरा. हा आपला. फळ्यावर हा दिसला तर कोणालातरी धर नि विचार, काय लिवलंय. बाकीचं राहू दे.”

त्या दोघांची एक रीत होती. दसऱ्याला पोरं पाटी पुजतात, तशी काळूराम मला पुजायचा. सकाळी मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायचा, माझ्यावर खडूने सरस्वती काढायचा, शांती हळद-कुंकू आणि झेंडूची माळ घालायची. संध्याकाळी तो पुसलेल्या सगळ्या सूचना आठवून पुन्हा एका कडेला लिहून काढायचा. एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे.

सहा वर्षांपूर्वी काळूरामच्या छातीत दुखायला लागलं. अॅम्ब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडली. चार माणसांनी त्याला खाटेवरून माझ्यासमोरून नेलं. त्याच खाटेवरून परत आणलं. तेव्हापासून शांती येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, “रस्ता मोठा करा रे बाबांनो. कोनाचा तरी जीव वाचंल.”

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ते विसरू शकत नाही.

काळूरामनंतर प्रभाग कचेरीतून सुयोग नावाचा कर्मचारी दर सोमवारी स्कूटरवर यायचा आणि माझ्यावर लिहायचा. लोकांना सगळं मोबाईलवर कळायला लागलं होतं. साहेबांनी त्याला एकदोनदा सांगितलंही की आता फळ्याची गरज नाही. पण सुयोग म्हणायचा, “मावशी रोज चौकट पुसून ठेवतात. तो रिकामा कसा ठेवू?”

आणि माझ्यावरचं शांतीला वाचून दाखवायला होती रुचिता. समोरच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी, कॉलेज शिकलेली, एका चार वर्षांच्या मुलीची आई. मुलीचं नाव समिधा. रुचितासारखी सावध बाई मी दुसरी पाहिली नाही. गल्ली ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघायची, गटाराचं झाकण पायाने दाबून बघायची, मुलीचं कपाळ दर दहा पावलांवर तपासायची. रोज सकाळी समिधाला बालवाडीत सोडायला निघाली की माझ्यासमोर थांबायची.

“आज काय हाय, बाय?” शांती ओट्यावरून विचारायची.

“शुक्रवारी पाणी येणार नाही, आजी. आणि शनिवारी महिलांचा आनंदमेळावा आहे.”

“पानी न्हाय नि मेळावा हाय. नाचा आता तोंड न धुता.”

समिधा खुदकन हसायची. रुचिताही हसायची, पण तेवढ्यात पिशवीतली पाण्याची बाटली नीट बंद आहे का ते बघून घ्यायची.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि त्यानंतरच्या सोमवारी सुयोगने माझ्यावर तीन ओळी लिहिल्या. ‘गावठाण गल्ली रस्ता रुंदीकरण. घर क्र. ११ ते १९ व समोरील बाजू बाधित. हरकती तेरा ऑक्टोबरपर्यंत प्रभाग कचेरीत द्याव्यात.’ नियमाने जे लिहायचं ते त्याने लिहिलं. रस्त्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखी जागा जाणार होती. इकडच्या घरांचे ओटे, तिकडची सोसायटीची पार्किंग.

त्याच दिवशी समिधाला कांजिण्या आल्या. रुचिता पुढचे तीन आठवडे खाली उतरलीच नाही. खिडकीत कडुलिंबाचा डहाळा लटकलेला दिसायचा आणि त्यामागे कधीतरी तिचा उतरलेला चेहरा.

शांती रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहायची. ओळींवरून बोट फिरवत आपला पंधरा शोधायची. अकरा होता, एकोणीस होता. पंधरा त्या दोघांच्या मध्ये होता, पण लिहिलेला नव्हता. एकदा तिने एका घाईतल्या माणसाला विचारलं.

“रस्त्याचं आहे, मावशी. रुंद होणार.”

“बरं जालं,” ती म्हणाली, आणि पदराने माझी चौकट पुसली.

त्या दिवसांत कितीतरी जणांनी मला वाचलं. सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेशभाई यांनी तर वाचून फोटोही काढला. “अरे, अपना पार्किंग जाएगा!” म्हणत ते तडक वर गेले. त्यांना मी दोष देत नाही. वाचल्यावर माणसाने जे करायला हवं तेच त्यांनी केलं. आमच्या बाजूचे शेजारी ‘ओटाच तर जातोय’ म्हणत गेले, बाकीचे नुसते वाचून गेले. शांतीला सांगावं असं कुणालाच वाटलं नाही, कारण मी तिच्याच भिंतीवर होतो. तिला माहीत नसेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

मला तोंड असतं तर! मित्रांनो, अंगावर सगळं लिहिलेलं असून गप्प राहणं काय असतं, हे फळ्यालाच ठाऊक.

मग दसरा आला. शांतीने आंघोळ करून ओलं फडकं घेतलं. पुसण्याआधी पुन्हा एकदा पंधरा शोधला. नव्हता. तिने मला वरपासून खालपर्यंत पुसलं, त्या तीन ओळींसकट. सरस्वती काढली. काळूरामची असायची तशी ती सरळ नव्हती, एका बाजूला कलली होती. “तुमच्यासारखी न्हाय जमत,” ती पुटपुटली, आणि माळ घातली. संध्याकाळी आठवून पुन्हा लिहायला आता कुणी नव्हतं.

पुढच्या सोमवारी सुयोग आला. मुदतीला आठवडा बाकी होता. खडू हातात घेऊन तो सरस्वतीकडे बघत राहिला. म्हातारीने एवढ्या मायेने काढलेली, पुसवली नाही त्याला. “असू दे दिवाळीपर्यंत,” म्हणाला आणि स्कूटर चालू केली. रुचिताही त्याच आठवड्यात खाली आली. माझ्यावर फक्त सरस्वती होती. वाचून दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

दिवाळी झाली, थंडी आली आणि गेली, आणि होळीच्या सुमारास सुयोग लाल रंगाचा डबा घेऊन आला. पुढच्या खोलीच्या मधोमध, आत जमिनीवर, त्याने एक रेघ ओढली.

“ही रेघ कसली रं?” शांतीने विचारलं.

“मावशी, रस्त्याची. इथपर्यंत जाणार.” त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. “आधी फक्त ओटा जात होता. पण समोरून चाळीस सह्यांची हरकत आली. या बाजूने एकही नाही. मग रेषा इकडे सरकली.”

“पन मना कोनी सांगितलंच न्हाय!”

“सतरा दिवस तुमच्याच भिंतीवर होतं ना, मावशी...”

त्याने डब्याचं झाकण लावलं. शांती बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला कळेना. मग कळलं. तिने आपला उजवा हात, फडकं धरायचा तो, डोळ्यांसमोर धरला आणि खालीवर करून पाहिला. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“आता लिवून दिलं तर?”

“अर्ज घेतो, मावशी. पण मुदत संपली. आता रेषा बदलत नाही.”

हे ऐकून रुचिता धावत आली. समिधाचा हात तिने इतका घट्ट धरला होता की पोर कुरकुरत होती.

“आजी, त्या चाळीसमधली एक सही माझी आहे.” तिला धाप लागली होती. “समिधाला ताप होता. धर्मेशभाई दारात आले, म्हणाले, भाभी, इधर साइन करो, पार्किंग का है. मी वाचलंच नाही. मी, आजी! दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते मी. पोरीला सोडून मला काही दिसतच नव्हतं.”

शांतीने समिधाचा हात आईच्या मुठीतून सोडवला. मग म्हणाली, “पोर बरी हाय ना आता?”

“हो.”

“मंग जाला तर.”

पण झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रुचिता नेहमीसारखी माझ्यासमोर थांबली. सुयोगने लिहिलेलं होतं, लसीकरणाचं काहीतरी. तिने वाट पाहिली. शांती ओट्यावर बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आज काय हाय, बाय?” हा प्रश्न त्यानंतर माझ्या कानांवर आला नाही. महिनाभर रुचिता रोज थांबायची, हळू आवाजात स्वतःशीच वाचल्यासारखं वाचायची आणि जायची. समिधाने एकदा विचारलं, “आजी कट्टी आहे का?” आई म्हणाली, “चल, उशीर होतोय.”

मे महिन्यात शेवटचा सोमवार आला. सुयोगने माझ्यावर लिहिलं, ‘उद्या सकाळी अकरापासून रुंदीकरणाचे काम.’ आणि पुढे, या वेळी सुटा, ठळक, ‘घर क्र. १५’. तो पंधरा कुणाला न विचारता शांतीला दिसला. तिने त्यावर बोट ठेवलं.

पुढची खोली गेल्यावर उरलेलं घर उभं राहणार नव्हतं, म्हणून लेक चांदणी तिला पूनम सागर वसाहतीत आपल्याकडे न्यायला येणार होती. चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर, भिंतीला खिळा मारायची मनाई. म्हणजे मला जागा नव्हती. शांतीने गल्लीपलीकडे हाक मारली, “रुचिता! ये गो बाय.”

रुचिता अनवाणीच धावत आली. “वाचू, आजी?”

“वाचायचं न्हाय. मना लिवायला शिकव.”

“काय लिहायचंय?”

“तुम्ही लोकांनी लिवला ना त्या कागदावर, तोच शब्द. म्हायती नव्हता मना. मुदतीत लिवता आला असता तर माजा पंधरा राह्यला असता.”

रुचिताला हुंदका आवरेना. पण तिने खडू शांतीच्या बोटांत दिला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. हरकत. सोपा शब्द आहे, मित्रांनो. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. पहिलीतलं मूलही लिहील. ह. र. क. त. दोघींच्या हातांनी चार अक्षरं हळूहळू माझ्यावर उमटली, सरस्वतीसारखीच एका बाजूला कललेली. शांतीने मागे सरून पाहिलं.

“आता बरोबर?”

“बरोबर आहे, आजी.”

“उशीर जाला नुसता.”

सकाळी सुयोगने स्वतः माझे खिळे काढले. भिंतीवर माझ्या आकाराचा एक काळसर चौकोन उरला. चाळीस वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं. अकरा वाजता तोही राहिला नाही. रिक्षात बसताना शांतीने सवयीने कमरेचं फडकं काढलं, माझी चौकट पुसली आणि अक्षरांना हात लावायच्या आत थांबली.

रस्ता छान झालाय. परवा एक अॅम्ब्युलन्स सरळ आत आली. शांतीला हवा होता तसाच तो आहे, फक्त तिचं घर त्याच्याखाली आहे.

मी आता सोसायटीच्या मीटरच्या खोलीत आहे. रुचिताने हट्ट करून मला इथे ठेवून घेतलं. खोलीला ओल आहे, त्यामुळे माझ्या अंगावरचं मीठ वर येतं आणि खडूच्या अक्षरांभोवती पांढरं साचतं. लाइट गेली की कुणीतरी येतं, मोबाईलचा उजेड माझ्यावर पडतो, तो शब्द वाचला जातो आणि लाइट आली की माणूस निघून जातो.

मुलांनो, तुमच्या गल्लीतही एखादा फलक असेल. त्यावर काही लिहिलेलं दिसलं तर वाचा. वाचून झाल्यावर मात्र लगेच निघू नका. तो ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्या दारावर थाप मारा आणि विचारा, “आजी, वाचून दाखवू का?” तिला माहीत असलं तर ती हसेल. त्यात तुमचं काय जातं?

समिधा आता अक्षरं लावायला शिकलीय. काल आईसोबत खाली आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून तिने तो शब्द मोठ्याने वाचला. मग आईकडे वळून म्हणाली, “आपण आजीला जाऊन सांगू या ना, मला वाचता येतं?”

रुचिताने तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. तरी तिने तो बराच वेळ तसाच ठेवला.